कारणाचा रकाना

११ ऑगस्ट

आजपासून अकरावी विज्ञानाचे वर्ग सुरू झाले आणि आजपासूनच ही दैनंदिनी. भोकरदनच्या कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे गणिताचे अध्यापन करूनही आमची नोंद कोणत्याही इतिहासकाराने घेतलेली नाही. तेव्हा ते कार्य आम्हांलाच हाती घेणे प्राप्त आहे. लेखकाचे नाव काकासाहेब, वय बावन्न. केसांतील पांढरेपणात खडूचा वाटा किती आणि वयाचा किती, हे आता सांगता येत नाही.

यंदा गणित घेतलेले विद्यार्थी चौतीस. दहावीत शेकडा नव्वद गुणांनी विभूषित होऊन आलेल्या या महात्म्यांना 'तीन वजा पाच किती?' असे विचारताच वर्गात जी शांतता पसरली, ती समाधिस्थ योग्यांनाही साधली नसती.

प्रथेप्रमाणे उपाधी-प्रदान सोहळा पार पाडला. हजेरीपटावरील नावे आईबापांनी ठेवलेली असतात, म्हणजे बुद्धीची कोणतीही तपासणी होण्यापूर्वीच. आम्ही मूल फळ्यापाशी उभे करतो, पारखतो आणि मगच त्याचे नामकरण करतो. कल्याण नावाचा मुलगा प्रत्येक उदाहरण अर्ध्यावर थांबवून आमच्या तोंडाकडे पाहतो, तो 'अर्धविराम'. दैवशाला कोणताही विचार न करता बरोबर उत्तर सांगते, ती 'पूर्वजन्मपुण्या'. प्रीती नामक कन्येने एका तासात अकरा शंका विचारल्या, ती 'शंकेश्वरी'. वर्ग पोट धरून हसला. विद्यार्थी आमच्या विनोदबुद्धीवर लुब्ध असतात, हा सव्वीस वर्षांचा अनुभव आहे.

चौतिसावी विद्यार्थिनी शालू, म्हणजे आमचीच एकुलती कन्या. पक्षपाताचा ठपका नको म्हणून तिलाही उपाधी दिली: 'स्थिरांक'. काहीही विचारा, काहीही बोला, चेहऱ्यावर अणुमात्र बदल नाही. या उपाधीला वर्ग सर्वांत अधिक हसला. ती हसली नाही. म्हणजे उपाधी अचूक.

१३ ऑगस्ट

पहिला पळपुटा अवघ्या दोन दिवसांत.

आमचा शिपाई भिवा फाइल घेऊन आला. आत विषय-बदलाचा छापील अर्ज. सोडावयाचा विषय: गणित. घ्यावयाचा विषय: भूगोल. अर्जदार: कल्याण ऊर्फ अर्धविराम. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: 'वैयक्तिक'.

वैयक्तिक! मूळव्याध वैयक्तिक असते. गणिताचे भय हे तर या तालुक्याचे सार्वजनिक दैवत आहे. सगळ्यांना डॉक्टर व्हायचे आहे आणि डॉक्टर होण्यासाठी जीवशास्त्र पुरते, असे यांना कोणीतरी सांगितले आहे. ते शिकवणाऱ्या गृहस्थांचे नाव भुजंग. शिक्षक आणि नमुना एकाच देहात उपलब्ध, ही सोय आमच्या विषयात नाही.

अर्जाच्या तळाशी विषयशिक्षकाच्या अभिप्रायासाठी दोन ओळी असतात. आमचे सहकारी तेथे नुसती सही ठोकतात. आम्ही लिहिले: 'अर्धविरामास अखेर पूर्णविराम लाभला. हरकत नाही.'

भिवाने मान वाकडी करून वाचले. "सर, नुस्ती सही केली तरी चालतंय. प्राचार्य ते खालचं वाचत न्हाईत."

"आम्ही प्राचार्यांसाठी लिहीत नाही, भिवा. भावी पिढ्यांसाठी लिहितो."

"बराबर हाय. पण झेरॉक्स पोरालाच द्यावी लागती ना."

भिवाला भावी पिढ्या ही कल्पना झेपत नाही.

१८ ऑगस्ट

प्राचार्यांनी बोलावून घेतले. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणजे वार्ता अशुभ.

"काकासाहेब, संस्थेचं पत्र आलंय. गणिताला विसाच्या खाली पोरं गेली तर पूर्णवेळ शिक्षक ठेवता येत नाही म्हणून राह्यलेत. राहिलेल्या पोरांसाठी तासिकेवर माणूस घेतील."

"आणि पूर्णवेळ शिक्षकाचे विसर्जन कोठे?"

"तुम्ही अतिरिक्त ठरता. मग अंकुशनगरला, आपल्याच संस्थेच्या शाळेत. आठवीला." ते चहात पाहत बोलत होते. "पंधरा सप्टेंबरपर्यंत विषय बदलता येतो. तेवढं सांभाळा. आज किती आहेत?"

"एकोणतीस. आठवड्यात पाच गळाले."

"मग काळजीचं बिलकुल कारण नाही," असे ते ज्या स्वरात म्हणाले, त्या स्वरात आमच्याकडे केवळ रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलतात.

अंकुशनगर! अंबडच्याही पलीकडची साखर कारखान्याची वसाहत. जिल्ह्याच्या या टोकाला आम्ही, त्या टोकाला ते. अवकलनापर्यंत ज्यांची गती, त्यांनी आठवीच्या पोरांना वर्गमूळ शिकवायचे आणि मळीचा वास घेत निवृत्तीची वाट पाहायची. आणि हे कोण ठरवणार? सोळा वर्षांची शेंबडी पोरे, 'वैयक्तिक' या एका शब्दाने.

घरी सांगितले नाही. राज्यकारभारातील गोपनीय बाबी गृहस्वामिनीच्या कानी घालण्याचा आमच्याकडे प्रघात नाही. शालूने विचारले, "अप्पा, बरं न्हाई का?" आम्ही तिला निश्चयकाचे उदाहरण घातले.

२० ऑगस्ट

प्रतिभेला संकटातच बहर येतो.

आपल्या जिल्ह्यात माणूस निवडून आल्याचा सत्कार होतो, पडल्याचा होतो, बदली झाल्याचा होतो, आणि काहीच घडले नाही तर नुसता समोर दिसल्याचाही होतो. मग पळून गेल्याचा का होऊ नये? एकदा भर वर्गात शाल आणि नारळ स्वीकारावा लागला की दुसरा कोणी अर्जाकडे फिरकणार नाही, असा आमचा सिद्धान्त.

शिक्षककक्षाच्या कपाटात गेल्या गुणगौरव समारंभातील एक शाल होती. नारळ प्राचार्यांच्या दालनातला. तो आजवर किती पाहुण्यांच्या हातांतून फिरला, हे त्याचे त्यालाच ठाऊक. भूगोलाच्या तासावरून कल्याणला पाचारण केले.

"गणितत्यागाबद्दल आपला जाहीर सत्कार," असे म्हणून आम्ही त्याच्या खांद्यावर शाल पांघरली, हाती नारळ दिला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. "सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत."

"काय बोलू, सर?"

"गणिताने आपले काय वाकडे केले, ते सांगा."

तो नारळाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गणितानं काय न्हाई केलं, सर."

आरोपीनेच फिर्यादीला निर्दोष ठरवले! हे वाक्य फळ्यावर कायम लिहून ठेवण्याजोगे आहे. सत्कार प्रतीकात्मक असल्याने शाल व नारळ परत घेतले. शालू पहिल्या बाकावर होती आणि पूर्ण वेळ वहीत काहीतरी खोडत होती.

२१ ऑगस्ट

एका दिवसात सहा अर्ज. शिल्लक: तेवीस.

सहाही अर्जांत कारण 'वैयक्तिक'. आम्ही सहा अभिप्राय लिहिले. त्यांपैकी पूर्वजन्मपुण्येचा ('पुण्यक्षय झाल्याने भूगोलात पुनर्जन्म') हा आमच्या उत्कृष्ट अभिप्रायांत गणला जावा. भिवा म्हणाला, "सगळ्यांनी माझ्यापाशी बाहेरूनच देऊन टाकले. आत यायला कुनीच तयार न्हाई."

म्हणजे सत्काराचा धाक बसला, हे सिद्ध. आकडा तेवढा विपरीत दिशेने गेला. प्रयोगात असे प्रारंभी होते.

२४ ऑगस्ट

रविवार. शालू सकाळपासून घरी नाही.

"कोठे गेल्या कुमारी स्थिरांक?"

"प्रीतीकडं गेल्ती म्हनून सांगितलं ना सकाळी," गृहस्वामिनी उषाबाई ज्वारी निवडत म्हणाल्या. "आन् ते स्थिरांक-बिरांक घरात तरी नका म्हनत जाऊ."

"तिकडे काय करतात?"

"अभ्यास करून राह्यल्यात. मागच्या ऐतवारी बी गेल्ती."

"कशाचा अभ्यास?"

"मला काय कळतंय? वहीत नुसतं एक्स आन् वाय होतं पानभर."

एक्स आणि वाय! जीवशास्त्रातील गुणसूत्रे. म्हणजे भुजंगाचे विष आमच्या उंबरठ्याच्या आत आले. शंकेश्वरीच्या संगतीने आमची कन्या जीवशास्त्राकडे झुकत आहे, आणि तीही रविवारी, आपखुशीने, जो उत्साह आमच्या विषयात तिने कधी दाखवला नाही. आम्ही मौन धारण केले. उषाबाईंनी मात्र केले नाही. "दोघी हसत होत्या," म्हणाल्या. "मी तिकडं पोहे द्यायला गेल्ते तर उठंनात. आधी हे होऊ द्या म्हनल्या."

बेडकाच्या आतड्यात हसण्यासारखे काय आहे, हे भुजंगांनाच विचारले पाहिजे.

३० ऑगस्ट

आणखी एक गळाला. शिल्लक: बावीस.

दुपारी शिक्षककक्षात एक बाई आल्या. "मी प्रभावती. प्रीतीची आई. जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे." आम्ही अर्जाच्या अपेक्षेने पेन उघडले.

"अर्ज नाही आणला, सर. प्रीती गणित सोडणार नाही."

"अभिनंदन! शंकेश्वरीची ही निष्ठा..."

"तेच बोलायला आले." त्यांनी पर्स मांडीवर नीट ठेवली. "तिचं नाव प्रीती आहे. आम्ही दोघांनी आठ दिवस विचार करून ठेवलंय. हजेरीला तेवढंच घेत जा."

"तो विनोद आहे, बाई. मुलांना आवडतो."

"विचारलं का त्यांना?"

असले प्रश्न विचारायचे नसतात, हे प्राथमिक शिक्षकांना कोणी सांगत नाही. त्या पुढे म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुमच्या तासाला तिनं अकरा शंका विचारल्या. घरी येऊन सांगत होती, मजा आली म्हणून. आता एक विचारत नाही. मला आधी वाटलं, समजायला लागलं असेल. माझ्या पहिलीच्या वर्गात पोरगं विचारायचं थांबलं, की मी घाबरते, सर."

आम्ही नम्रपणे निदर्शनास आणले, की अकरा शंकांची शून्य शंका होणे ही कोणत्याही मापाने प्रगती आहे. त्यांनी आमच्याकडे पाहिले, जसे आम्ही पालथ्या ठेवलेल्या उत्तरपत्रिकेकडे पाहतो. "जयभीम, सर," म्हणाल्या आणि गेल्या. चहा अर्धा राहिला.

प्राथमिक शिक्षक हा मुळातच भित्रा वर्ग. सव्वीस वर्षांची परंपरा अर्ध्या कप चहाने मोडत नाही. पुढच्या तासाला हजेरी उपाध्यांनीच घेतली. 'शंकेश्वरी' म्हणताना जीभ किंचित अडखळली, ती दात किडल्यामुळे.

५ सप्टेंबर

शिक्षकदिनानिमित्त स्वयंशासन. या दिवशी विद्यार्थी शिक्षक होतात, मुली आईच्या साड्या नेसतात, आणि आम्हां अधिकृत शिक्षकांना व्हरांड्यात खुर्च्या टाकून समोसे खाण्यास बसवले जाते. लोकशाहीचा याहून हास्यास्पद आविष्कार आम्हांस ठाऊक नाही.

गणिताचा तास शालूने घेतला. चिठ्ठीत आला नव्हता. तिने स्वतः मागून घेतला, असे भिवाने सांगितले. आम्ही केवळ निरीक्षणार्थ खिडकीपाशी उभे राहिलो.

विषय: संमिश्र संख्या. वजा एकचे वर्गमूळ. आम्ही गेली सव्वीस वर्षे हे एका वाक्यात शिकवतो: 'अशी एक संख्या आहे असे गृहीत धरा आणि पुढे चला.' हिने काय केले? कल्याणला समोर उभे केले, दाराकडे तोंड करून.

"कल्याण, एकानं गुणलं म्हंजे तू आहे तसाच राहायचं. वजा एकानं गुणलं म्हंजे पाठ फिरवायची. फिर." तो फिरला. "आता ये पुन्हा दाराकडं. मला असं काहीतरी सांग, जे दोनदा केलं की पाठ फिरंल."

कल्याण अर्ध्यावर थांबला. आम्हांला वाटले, आता तो आमच्या तोंडाकडे पाहतो तसा तिच्याकडे पाहणार. पण ती काहीच बोलली नाही. थांबली. वर्गही थांबला. आम्ही समोसा हातात धरून थांबलो. मग तो हळूच खिडकीकडे वळला. "पाव गिरकी?"

"अजून एकदा कर."

त्याने केली. पाठ फिरली. "आयला!" असा अशैक्षणिक उद्गार वर्गातून निघाला.

"तेच ते वर्गमूळ," शालू म्हणाली. "काल्पनिक-बिल्पनिक काय न्हाई. कल्याण उभा आहे ना त्याच्यात."

मग प्रीतीने विचारले, "आन् तीनदा केलं तर?" पुढे आणखी विचारले. आम्ही मोजल्या: सात शंका. शालूने एका शंकेचे उत्तर दोनदा दिले, ही वेळेची उधळपट्टी. वर्गात गलका झाला, ही शिस्तीची पायमल्ली. हसले सर्वजण, पण कोणालाही पाहून नव्हे. हसण्याचे निमित्त शेवटपर्यंत कळले नाही. उपस्थिती तेहतीस. गणित सोडून गेलेली सर्व मंडळी हजर. स्पष्टीकरण: तासानंतर पेढे वाटले जाणार होते.

गणित म्हणजे कवायत नव्हे.

सर्वजण गेल्यावर आम्ही रिकाम्या व्हरांड्यात दोनदा पाव गिरकी घेतली. पाठ फिरली. केवळ पडताळणीसाठी.

१० सप्टेंबर

पंचवीस गुणांची चाचणी. निकाल शोचनीय, आणि तो परंपरेप्रमाणे उपाध्यांसह जाहीर वाचला.

"स्थिरांक: एकोणीस. पाचवे उदाहरण: उत्तर बरोबर, मार्ग बेकायदेशीर. चार गुण वजा."

आम्ही सात पायऱ्यांत सोडवतो ते उदाहरण तिने तीन पायऱ्यांत सोडवले होते. तीन पायऱ्या योग्य होत्या. परंतु त्या आमच्या नव्हत्या. उद्या प्रत्येकजण स्वतःच्या पायऱ्या करू लागला, तर जिन्याचे काय होईल?

या वाक्याला हशा अपेक्षित होता. कोणी हसले नाही.

सायंकाळपर्यंत दोन अर्ज. शिल्लक: वीस. आता एकही जाता कामा नये. पाच दिवस. वीसजणांची यादी आम्ही तोंडपाठ केली आहे. त्यात एक नाव असे आहे की ज्याची चिंता करण्याचे कारण नाही, कारण ते आमच्याच घरी जेवते.

१२ सप्टेंबर

भिवाने फाइल मेजावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे उभा राहिला नाही, लगेच गेला.

सोडावयाचा विषय: गणित. घ्यावयाचा विषय: भूगोल. अर्जदार: शालू. पालकाची सही: उषाबाई, ठसठशीत, पहिलीतल्या मुलीसारखी अक्षरे सुटी सुटी. आणि कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' नव्हते. लिहिले होते: 'गणित आवडते म्हणून.'

आम्ही हे चार वेळा वाचले. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे विधान टिकत नाही. विषय आवडतो, म्हणून विषय सोडला! अशा कारणाने अर्ज फेटाळण्याचा आम्हांला पूर्ण अधिकार आहे. किंबहुना फेटाळण्याचीही गरज नाही. फाइल खणात ठेवायची आणि पंधरा तारखेचे पाच वाजू द्यायचे. मुदत आपोआप संपते. वीस ते वीसच राहतात. अंकुशनगर जेथे आहे तेथेच राहते.

फाइल खणात ठेवली. खणात तो नारळ होता. हलवून पाहिला, आत पाणी वाजले नाही.

१३ सप्टेंबर

"मी केली सही. मंग?" उषाबाईंनी भाकरी थापणे थांबवले नाही.

"न वाचता?"

"वाचून केली. तुम्ही वाचलं का?"

"वाचले. त्यात तर्कदोष आहे."

"असंल. सव्वीस वर्सं झाली, तुमच्या तोंडून मी एकदा बी ऐकलं न्हाई की एखांदं पोरगं हुशार हाय म्हनून. सगळ्यात दोष." भाकरी तव्यावर पडली. "ती वट्ट्यावर बसलीय. तिलाच विचारा."

शालू ओट्यावर होती. वही मांडीवर, मिटलेली.

"गणित आवडते आणि गणित सोडायचे, ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत."

"न्हाईत, अप्पा."

"सिद्ध कर."

तिने विचार केला. ती खरोखर विचार करते, घाई करत नाही. हे पूर्वी लक्षात आले नव्हते. "मला ते ठेवायचंय," ती म्हणाली.

"सोडून?"

"तुमच्या वर्गात ते रोज थोडं थोडं जाऊन राह्यलंय. सकाळी हजेरी झाली की आतून आवळल्यावानी होतं. मंग फळ्यावरचं दिसत न्हाई. घरी आल्यावर, प्रीतीकडं, पुन्हा येतं. पण दर वेळी थोडं कमी येतं." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "आता सोडलं तर एवढं तरी उरंल."

चेहरा स्थिर नव्हता. खालचा ओठ थरथरत होता, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. उपाधी देताना निरीक्षणात काही त्रुटी राहिली असावी.

एका वाक्याने सर्व मिटले असते. 'तू गेलीस तर मला अंकुशनगरला जावे लागेल.' वाक्य तयार होते, व्याकरणशुद्ध होते, जिभेवर होते. ते ऐकून तिने अर्ज तत्क्षणी मागे घेतला असता आणि दोन वर्षे पहिल्या बाकावर येऊन बसली असती, तोच चेहरा घेऊन.

बोललो नाही. घसा बसला आहे.

१५ सप्टेंबर

घसा बसलेला असल्याने उपाध्यांचा उच्चार झेपला नाही. हजेरी पटावरील नावांनीच घेतली. वीस नावे. काही नावे बरी आहेत. 'प्रीती' म्हटल्यावर ती मुलगी एकदम वर पाहू लागली, जणू वर्गात दुसरेच कोणी शिरले. मग "हजर, सर" म्हणाली.

तासाच्या मध्यावर तिचा हात वर झाला. अर्धा वर, पुन्हा खाली, पुन्हा अर्धा. आमच्या तासाला, पहिल्या दिवसानंतर प्रथमच.

"विचार," आम्ही म्हणालो.

तिने विचारले. आम्ही उत्तर दिले. तिला कळले नाही. तोंडावर एक उत्कृष्ट कोटी आली होती. तीही घशातच राहिली. आम्ही पुन्हा उत्तर दिले, दुसऱ्या मार्गाने. संपूर्ण तास एका उदाहरणात गेला. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने दिवस वाया.

शालूने वही उघडली होती. ती लिहून घेत होती. क्षणभर वाटले, कदाचित. परंतु महिनाभराच्या हजेऱ्या एका हजेरीने परत होत नाहीत, एवढे गणित आम्हांलाही येते. सुटी झाली तेव्हा तिने एकदाच विचारले, "अप्पा, फाइल गेली का वर?" रागाने नव्हे. भीत भीत. माझी कन्या मला भीत भीत विचारत होती.

पाचला दहा मिनिटे असताना भिवा दारात. "सर, फाइल द्या. पाच वाजून राह्यलेत. शेवटचा दिस हाय."

आम्ही खण उघडला. आजवर चौदा अर्जांवर चौदा अभिप्राय लिहिले, एकाहून एक सरस. पंधराव्याला पेन बराच वेळ थांबले. अर्धविरामासारखे. मग लिहिले: 'कारण योग्य आहे.' आणि सही केली.

भिवाने मान वाकडी करून वाचले. "हे ठीक लिवलं, सर."

"प्राचार्य वाचत नाहीत ना?"

"न्हाई. पोरगी वाचती."

शिल्लक: एकोणीस.

२० सप्टेंबर

आदेश आला. सोमवारी अंकुशनगरला रुजू व्हायचे. इथल्या एकोणीसजणांसाठी तासिकेवर एक तरुण येतो आहे.

म्हणजे ती गेली म्हणून मी जाणार. मी गेल्यावर तिला जाण्याचे कारण उरत नाही. आणि परत येण्याची मुदत संपलेली. असे उदाहरण परीक्षेत घातले असते, तर मुलांनी 'प्रश्न सदोष' म्हणून बोर्डाकडे तक्रार केली असती, आणि या वेळी त्यांची बाजू बरोबर असती.

दुपारी निरोपाचा सत्कार झाला. भिवाने कपाटातून तीच शाल काढली, खणातून तोच नारळ. भुजंग सरांनी शाल पांघरली, आणि "येत जा, सर" म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून आला. हा माणूस मला कधी नीट पाहताच आला नव्हता. प्राचार्य म्हणाले, "दोन शब्द बोला." मागच्या बाजूला मुले उभी होती. त्यांत कल्याण. माझ्याकडे पन्नास मिनिटांचे भाषण तयार होते, सव्वीस वर्षांपासून तयार होते. मी नारळाकडे पाहत राहिलो.

"कल्याण," मी म्हणालो, "ती पाव गिरकी मला ठाऊक नव्हती." आणि खाली बसलो. पुष्कळांना काही कळले नाही. कल्याणला कळले. त्याने टाळी वाजवली नाही. फक्त मान हलवली.

घरी उषाबाई रागावल्या. "पोरीला आधी सांगितलं का न्हाई? तिनं सही मागितली नसती."

"म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि बॅग भरायला घेतली. दोन सदरे, स्वेटर, हजेरीपट ठेवायची जुनी पिशवी. शालू कोपऱ्यात बसून रडली, मग थांबली.

संध्याकाळी ती वही घेऊन ओट्यावर आली. चाचणीतले पाचवे उदाहरण होते, तिच्या तीन पायऱ्यांचे. त्याखाली नवे उदाहरण, अर्धे सुटलेले.

"अप्पा, इथं अडलंय. बघता का?"

ती आता माझी विद्यार्थिनी नाही. हजेरीला तिचे नाव नाही, तिला नाव ठेवण्याचा मला अधिकार नाही, आणि तिचे गुण कापण्याचाही नाही. मी चष्मा पुसला आणि पाहिले. दुसरी पायरी मला समजली नाही.

"ही कशी आली?" मी विचारले.

ती सांगू लागली. मला कळले नाही. मी पुन्हा विचारले. तिने पुन्हा सांगितले, दुसऱ्या मार्गाने.